चेंडू कोण टाकणार

आदिलाबादच्या त्या दुकानदाराचा मला अजून राग येतो. मी बेसबॉलची बॅट मागितली, तर त्याने वरसुद्धा न बघता विचारलं, "गाड़ी में रखने के लिए, मैडम?" शाळेसाठी हवी आहे म्हटल्यावर तो हसला. लाल-काळ्या चकचकीत बॅटी त्याच्या भिंतीला ओळीने टेकून उभ्या होत्या. चेंडू मागितला तेव्हा मात्र त्याला प्रश्नच कळेना. त्याने बेसबॉलचा चेंडू कधी ठेवलाच नव्हता, कारण तो कधी कुणी मागितलाच नव्हता. लोक बॅट न्यायचे, गाडीच्या सीटखाली सरकवायचे आणि वेळ आली की माणसांवर चालवायचे. एवढ्या बॅटी खपतात आणि चेंडू एकही नाही, याचं त्या बाजारात कुणाला काही वाटत नव्हतं. मी बॅट उचलली आणि बसस्टँडवर आले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.

मी सुवर्णा. बोथहून आत, कापसाच्या शिवारांमधून जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत शिक्षक दोनच. अमृतराव सर मुख्याध्यापक, कायम नोकरीतले. मी कंत्राटी. जूनमध्ये मला पुन्हा घ्यायचं की नाही, हे त्यांच्या शिफारशीवर ठरतं आणि हे ते मला कधी विसरू देत नाहीत.

दसरा झाला की आमची शाळा ओस पडते. कापूस फुटतो, आणि ज्यांच्या कमरेला कापूस भरायची ओटी बांधता येते ती सगळी पोरं वेचणीला जातात. गेल्या वर्षी मी घरोघर फिरून घसा कोरडा केला, आईबापांशी भांडले, रेणुकाबाईंच्या ओट्यावर तर माझं आणि त्यांचं असं वाजलं की गल्ली गोळा झाली. उपयोग शून्य. मग वाटलं, आईबापांच्या मागे लागण्यापेक्षा पोरांनाच असं काही द्यावं की ती शाळेत यायला रडतील. नांदेडला कॉलेजात असताना मी बेसबॉल खेळले होते. क्रिकेट त्यांचं ते खेळतातच, त्यात मोठी पोरं लहानांच्या हातात बॅट येऊ देत नाहीत. हा खेळ कुणालाच येत नव्हता, म्हणजे सगळे सारखे.

नियम मी केला: पुस्तकाचं एक पान मोठ्याने, नीट वाचून दाखवायचं, की शनिवारी बॅटिंग. बाकीचे नियम पोरांनी केले. खताच्या गोण्यांत सरकी भरून तीन तळ केले आणि त्यांना नावं दिली, नार्नूर, उटनूर, बोथ. शाळेतलं जेवण करणाऱ्या गयाबाईंनी एक जुना पाट दिला, ते घर. घरातून निघायचं, सगळी गावं फिरून घरी यायचं. चेंडूही गयाबाईंनीच केला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आत, वरून सूत आणि त्यावर लुगड्याच्या काठाची शिवण. लहान पोरांचे फटके सारखे हुकायचे, म्हणून पोरांनी ठरवलं की चेंडूला बॅट लागेपर्यंत डाव संपत नाही. हुकलेला किंवा सोडलेला चेंडू ज्याने टाकला त्यानेच जाऊन आणायचा. आणि चेंडू कोणी टाकायचा, हे वाचणाऱ्याने सांगायचं. हा नियम पोरांना सगळ्यात आवडायचा. कुणी मैत्रिणीला बोलवायचं, कुणी मला. कधी कुणी अमृतरावांना बोलवायचं, मग ते बाह्या दुमडून हसत यायचे. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला ते बरे वाटायचे.

दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत पूजा झाली. अमृतरावांनी ती बॅट कोयत्या-विळ्यांच्या शेजारी मांडली. मी म्हटलं, सर, हे काय? तर म्हणे, शस्त्रच नं हे. मी ती उचलून पाट्यापुस्तकांत ठेवली. मग पोरं म्हणाली, पाटीवर सरस्वती काढतात तशी हिच्यावर पण काढू. आपल्याकडे एकाचे आकडे ओळीने मांडून काढतात ती सरस्वती. ती काढली चंदाने.

चंदा तिसरीतली. पंढरीची मुलगी. पंढरी वांगी-भेंडी पिकवतो आणि मोटरसायकलला टोपल्या बांधून बोथच्या बाजारात नेतो. चंदा फार बोलायची नाही आणि वाचायला उभी केली की पहिल्याच अक्षराशी गप्प व्हायची. पण हात असा स्थिर की कंपासच्या टोकाने तिने मुठीच्या वरच्या लाकडावर एकेक आकडा कोरला, त्यात कुंकू भरलं आणि तेलाच्या बोटाने पुसून घेतलं. सगळी पोरं तिच्या भोवती श्वास धरून बसली होती. त्या दिवसापासून तिला ती बॅट हवी होती, आणि त्यासाठी पान वाचावं लागणार होतं.

वेचणी सुरू झाली तरी ती येत राहिली. पंढरीने मला एकदा रस्त्यात थांबवून विचारलं, हिला खरंच वाचता येईल का? मी म्हटलं, येईल. रोज दुपारी जेवणानंतर ती माझ्याजवळ बसायची. बकरीचा धडा. आधी ओळ, मग दोन ओळी. एका शुक्रवारी तिने जवळजवळ सगळं पान वाचलं, शेवटच्या ओळींपाशी अडली. मी म्हटलं, "उद्या पुरं करशील. उद्या तुझी बॅटिंग." ती पळत घरी गेली.

त्याच संध्याकाळी पंढरीचा हात मोडला.

माणिकराव पूर्वी सरपंच होते, त्यांचा पुतण्या सुरेंद्र. पंढरीच्या मळ्यात जायची वाट, ती पांदण, सुरेंद्रच्या शेताच्या कडेने जाते. सुरेंद्रने ती काटे टाकून बंद केली होती, पंढरीने काटे काढले. भाजी काय डोक्यावरून न्यायची त्याने? सुरेंद्र संध्याकाळी मळ्यात गेला आणि त्याने पंढरीचा उजवा हात कोपराखाली मोडला. मग पहिला ठाण्यातही तोच गेला. त्याने सांगितलं, पंढरी बॅट घेऊन अंगावर आला, झटापट झाली, तो बांधावरून पडला. बॅट पोलिसांना वांग्यांच्या वाफ्यात सापडली. पंढरी आदिलाबादच्या दवाखान्यात, आणि गुन्हा पंढरीवर.

हे मला गयाबाईंनी शनिवारी सकाळी सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. आणि त्यापुढचं आणखी हळू सांगितलं. "म्या डोयानं पाह्यलं, बाई. सुरेंद्र शायेत आला, सरानं कपाट उघडलं, बॅट काढून देली. जरा धाक दाखवाले पाह्यजे म्हणे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, हे पोलिसांना सांगाल का? त्यांनी पातेलं पालथं घातलं. हे काम गेलं तर त्यांना दुसरं काम नाही, हे मलाही माहीत होतं. तरी मला त्यांचाही राग आला, तेव्हा कुणाचा येत नव्हता असं नाही.

अमृतराव आले. मी सरळ विचारलं, बॅट कुठं आहे? कपाटात, म्हणाले. उघडा, म्हटलं. किल्ली बोथला घरी राहिली, म्हणाले. पोरं रांगेत उभी होती, शनिवार होता. चंदा नव्हती. पोरांना सांगावं लागलं की आज खेळ नाही, आणि ती घरी गेली. सोमवारी निम्मी वेचणीला गेली.

सोमवारी किल्ली आली. सरांनी सगळ्यांसमोर कपाट उघडलं आणि बॅट काढली. लाल-काळी, चकचकीत, त्याच दुकानातली असणार, वरचं प्लास्टिक नीट सोललेलंसुद्धा नव्हतं. तिच्याबरोबर एक खरा पांढरा चेंडू, लाल शिवणीचा. सुरेंद्रने तो कुठून पैदा केला कोण जाणे. माणसाचा हात मोडून झाल्यावर त्या जिल्ह्यात बेसबॉलचा चेंडू मिळाला. पोरांनी चेंडू हातात घेतला, वास घेतला, एकमेकांकडे दिला. मग एक पोरगी म्हणाली, "बाई, ह्या बॅटवर सरस्वती नाई." बाकीची पण बघायला लागली. अमृतराव म्हणाले की घासून घासून गेली असेल. तिसरी-चौथीची पोरं, पण कुणी मोठा माणूस तोंडावर खोटं बोलला की त्यांना ते कळतं, आणि मग ती खाली बघतात. त्या खाली घातलेल्या माना बघून मला वाटलं, आता हा माणूस आणि मी एका छपराखाली शिकवू शकत नाही.

त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ. "पोरांले खेळाशी मतलब, बाई. जुन्यापेक्षा भारीची भेटली, चेंडू भेटला. तुमची बॅट इथंच हाय, पोलिसांत हाय ते कोणाची का असंना. जून काही फार दूर नाई."

"पंढरीचं काय?"

"त्याचं तो पाहून घेईन. तुमी काऊन डोकं लावून राह्यल्या?"

मी विचारलं, चंदा तुमच्या शाळेतली नाही का? ते म्हणाले, आहे, पण गावात नोकरी करायची तर सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी नवी बॅट उचलली, चेंडू पिशवीत टाकला, पोरांना पाढे म्हणायला बसवलं आणि रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिले. भर वर्गातून निघाले, हे नियमाला धरून नव्हतं. त्या दिवशी शाळेत नियमाला धरून काही होतं असं मला वाटत नाही.

बस आली तेव्हा मागून गयाबाई चढल्या. ओल्या हातांनी, पदर डोक्यावर. त्या माझ्या शेजारी बसल्या. कंडक्टरने बॅटकडे बघितलं आणि तिकिटं न बोलता फाडली.

ठाण्यात एसआय, म्हणजे फौजदार, तेलुगू होते, तरुण, वागायला सभ्य. मी हिंदीत सांगायला लागले की तुमच्याकडची बॅट शाळेची आहे. त्यांनी ती पुठ्ठ्याच्या वेष्टणातून काढली. मूठ मातीने भरलेली होती, पण वरचे आकडे स्पष्ट होते. ते बोट ठेवून म्हणाले, "देखो मैडम, ये पुरानी मारपीट का हथियार है। जितने लोगों को मारा, उतने निशान लगाए हैं।"

चंदाने कंपासने कोरलेले, कुंकू भरलेले ते आकडे. मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मराठीत बोलले, ते कळतंय की नाही याचं भान नव्हतं, आणि आवाज बाहेर झाडाखाली बसलेल्या लोकांपर्यंत गेला असणार. गयाबाईंनी माझा दंड धरला. एसआय रागावले नाहीत, गोंधळले. मग त्यांनी आतून बापूजी हवालदारांना बोलावलं. बापूजी आपल्याकडचेच, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा वर केला, बॅट खिडकीपाशी नेली आणि त्यांचा चेहराच बदलला. "साहब, ये सरस्वती है," ते म्हणाले. "हमारे में दसरे को बच्चे पाटी पर निकालते हैं। मारने का निशान कौन ऐसा पूजा करके बनाएगा?"

मी नवी बॅट तिच्या शेजारी टेबलावर ठेवली. आमच्या कपाटात आज सकाळी ही होती, म्हटलं. शुक्रवारपर्यंत ती होती. किल्ली कुणाकडे असते? एसआयनी विचारलं. मी नाव सांगितलं. मग बॅट कुणाला दिली, हे कुणी पाहिलं? ते मी पाहिलेलं नव्हतं.

गयाबाईंनी पदर नीट केला. "लिवा," त्या म्हणाल्या. "मायं बयान लिवा."

त्यांचं बयान झालं, माझं झालं. पंढरीवरचा गुन्हा रद्द झाला आणि सुरेंद्रवर दाखल झाला. दोन्ही बॅटी आणि तो पांढरा चेंडू मुद्देमालात जमा झाले. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मिळणार नाहीत, असं बापूजींनी मला बाजूला सांगितलं. म्हणजे चौथीतली पोरं तेव्हा लग्नाला आलेली असतील.

आता कुणाला वाटेल की न्याय झाला. सुरेंद्र जामिनावर सुटून माणिकरावांच्या ओट्यावर पाय लांब करून बसला. अमृतरावांनी ठाण्यात सांगितलं की आपल्याला वाटलं, तो खेळायला नेतोय. तीस वर्षं पोरं शिकवलेला माणूस, आणि त्याला वाटलं की सुरेंद्र संध्याकाळी मळ्यात बेसबॉल खेळायला चाललाय. ते मान्य झालं. ते शाळेत आले, खुर्चीत बसले, हजेरी घेतली. आणि मला वरून विचारणा आली की शाळेत मारक वस्तू कुणाच्या परवानगीने ठेवली. मारक वस्तू! ती ज्याने मारायला दिली त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि जिने खेळायला आणली तिने लेखी उत्तर द्यायचं. मी उत्तर दिलं नाही. माझी नोकरी जूनमध्ये जाणार हे मला कळून चुकलं आहे, मग शाई कशाला वाया घालवू?

मला काळजी एकच होती. चंदा येत नव्हती. मी घरी गेले तर ती चुलीपाशी बसलेली, माझ्याकडे पाठ. तिची आई म्हणाली, ज्यानं बाबाचा हात मोडला त्या खेळासाठी मी वाचणार नाही, असं म्हणते. त्या पोरीने अक्षरांशी झगडून झगडून जे मागितलं होतं, त्यानेच तिच्या बापाचा हात मोडला होता. मी पुस्तक तिथं ठेवलं आणि परत आले. वाटेत मी सुरेंद्रच्या शेताकडे बघून मोठ्याने शिवी दिली. शिक्षिकेने देऊ नये अशी.

पुढच्या शनिवारी पोरं मैदानात उगाच उभी होती. गोण्या होत्या, पाट होता, सुताचा चेंडू होता, बॅट नव्हती. गयाबाईंनी घरून कपडे धुवायची मोगरी आणून दिली. तेवढ्यात फाटकाशी पंढरी दिसला, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताने चंदाला धरून. तो आत आला नाही. चंदा आली.

अमृतराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. ते उठले, पंढरीला हाक मारून कसा आहे हात, असं मोठ्याने विचारलं. गाव ऐकत असलं की ते नेहमी मोठ्याने विचारतात. पण बॅट कुणी दिली ते आता गावभर झालं होतं; पंढरी चंदाकडेच बघत राहिला.

चंदाने पुस्तक उघडलं. बकरीचं पान. ती अडखळली, मागे गेली, पुन्हा तिथूनच सुरू केलं. आवाज बारीक, पण एकही अक्षर सोडलं नाही. पोरं ओठ हलवत होती, कारण ते पान आता सगळ्यांना पाठ होतं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली आणि मला वाटलं, आता पुस्तक मिटेल. तिने ओळ वाचली. मग पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मोगरी उचलली.

नेहमीसारखं मी विचारलं, "चेंडू कोण टाकणार?"

ती व्हरांड्याकडे बघत म्हणाली, "सर."

अमृतराव हसले. मग त्यांनी फाटकाकडे बघितलं आणि त्यांचं हसू अर्धवट राहिलं. भिंतीवर एव्हाना बायामाणसं टेकली होती. ते खाली आले. बाह्या दुमडल्या नाहीत. मी चेंडू त्यांच्या हातात दिला.

त्यांनी टाकला, हळू, लहान मुलाला टाकतात तसा. चंदाने मोगरी हलवली नाही. चेंडू पाटावरून मागे भिंतीपर्यंत गेला. नियमाप्रमाणे ते गेले, वाकले, घेऊन आले. पुन्हा टाकला. पुन्हा तिने जाऊ दिला. ते पुन्हा गेले. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला, गुडघ्याला माती लागली. पोरांतलं कुणी हसलं नाही. "मार नं, बेटा," ते म्हणाले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. किती वेळा ते भिंतीपर्यंत गेले, मी मोजलं नाही. मला बरं वाटत होतं का? हो, वाटत होतं.

शेवटी ते दम खात माझ्याकडे वळले. "बाई, सांगा न हिले. घंटेची वेळ झाली."

घंटेपाशी गयाबाई उभ्या होत्या. त्यांनी हात पदरात गुंडाळून घेतले.

"नियम आहे, सर," मी म्हटलं. "बॅट लागेपर्यंत डाव संपत नाही."

ते चेंडू हातात धरून फाटकाकडे बघत राहिले. पंढरी तिथंच होता. चंदाने मोगरी खांद्याशी नीट धरली आणि पाय रोवले.

"टाका, सर," ती म्हणाली.